मग मी रडले कुणासाठी?

काकूंनी हा प्रश्न विचारला आणि नेमका तेव्हाच चहा आला. चहाचं निमित्त करून आम्ही सगळ्याजणींनी तो प्रश्न तिथंच पडू दिला. कुणी कप पुढे सरकवले, कुणी चिवड्याची ताटली फिरवली, कुणी साखर बरोबर आहे ना म्हणून विचारलं. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. हल्ली त्यांना समोरचं माणूस म्हणजे मधोमध करडा डाग आणि कडेकडेनं थोडा उजेड, एवढंच दिसतं. त्यामुळे आम्ही एकमेकींकडे कसं पाहिलं ते त्यांना दिसलं नसणार. पण इतक्या बायका एका खोलीत असताना एकदम सगळ्या गप्प झाल्या, हे त्यांना कळलंच असेल. त्यांनी कप हातात घेतला, फुंकर घातली आणि प्रश्न पुन्हा विचारला नाही.

उत्तर द्यायचं होतं ते मी, कारण त्यांना रडवलं होतं मी.

आमची पुस्तक भिशी आहे. महिन्यातून एकदा जमायचं, ज्या घरी भिशी त्या घरच्या बाईनं पुस्तक निवडायचं, सगळ्यांनी वाचून यायचं. २०२३ च्या पावसाळ्यात माझी पाळी होती आणि मी 'मेमॉयर्स ऑफ अ गेशा' काढलं. गेशा म्हणजे जपानात नाचगाण्यानं पाहुण्यांचं रंजन करणारी कलावंतीण. पंचवीसेक वर्षांपूर्वी वाचलेलं, तेव्हा रात्र रात्र जागून संपवलेलं. काकूंना वाचता येत नाही म्हणून आषाढापासून रोज दुपारी मी त्यांच्याकडे जायचे. पुस्तक इंग्रजी, काकूंचं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं. म्हणून डोळे इंग्रजी ओळीवर आणि तोंडातून येईल ते मराठी, असा आमचा रिवाज पडला. काकूंची सगळी नोकरी जुन्नर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत नर्स म्हणून गेलेली. ऐकताना त्या मध्येच थांबवतात, आणि त्यांचे प्रश्न कधी वाया जाणारे नसतात. गोष्टीतली लहानगी नायिका चियो पळून जायच्या नादात छपरावरून पडते, हात मोडतो. काकू म्हणाल्या, "कोपराच्या वर की खाली?" चियोच्या डोळ्यांचं वर्णन आलं, पाण्यासारखे, करड्या रंगाचे. मी शब्द शोधत होते. काकू म्हणाल्या, "घारे म्हण की." त्या दिवसापासून क्योतोच्या गिओन मोहल्ल्यातली ती पोर आमच्यापुरती घाऱ्या डोळ्यांची झाली.

पुस्तकाच्या सुरुवातीला अनुवादकाची प्रस्तावना आहे. न्यूयॉर्कचे एक प्राध्यापक सांगतात की ही वृद्ध गेशा माझ्यासमोर बसून बोलत होती, मी ध्वनिमुद्रण करत होतो, मग मी ते इंग्रजीत आणलं. प्राध्यापक काल्पनिक, प्रस्तावना काल्पनिक, सायुरीही, म्हणजे गेशा झाल्यावरची चियोही, काल्पनिक. आर्थर गोल्डन या अमेरिकी लेखकानं १९९७ साली लिहिलेली ती कादंबरी आहे, आणि प्रस्तावना हा कादंबरीचाच पहिला तुकडा. पहिल्या वाचनात मी फसले होते. या खेपेला मला पक्कं ठाऊक होतं. तरी काकूंना ती प्रस्तावना मी जशीच्या तशी, गंभीर आवाजात वाचून दाखवली आणि पुढे काही बोलले नाही. का, ते मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. एक कारण असं की 'खरं आहे' म्हटल्यावर काकू खुर्चीत पुढे सरकल्या. दोघी बहिणींची ताटातूट होते तिथं त्या रडल्या. ओकियाच्या, म्हणजे गेशांच्या घराच्या, दारात चियोला आत घेतात आणि थोरल्या सात्सुला पुन्हा रिक्षात बसवून पुढे नेतात, कुठे ते कुणी सांगत नाही. आईवडील गेल्याचं पत्र येतं तिथं त्या पुन्हा रडल्या, पदर डोळ्यांना लावून, आवाज न करता. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की वाचणाऱ्याला जे बळ चढतं ते मला चढलं होतं. ते मला सोडवेना.

मग भिशीत आमच्यातली सगळ्यात धाकटी, जी कोर्टात वकिली करते, ती तावातावानं म्हणाली की मला मुळात याचाच राग आहे, एक अमेरिकन पुरुष जपानी बाईच्या तोंडानं 'मी' म्हणून बोलतो, वर खोटा प्राध्यापक उभा करून ते खरं असल्याचं भासवतो. आणि काकूंनी मान तिच्या आवाजाकडे वळवली.

त्या दिवशी बाकीच्याही खूप बोलल्या. एरवी पुस्तकावर अर्धा तास बोलून आम्ही घरच्या गोष्टींवर येतो, त्या दिवशी अंधार पडेपर्यंत कुणी उठलं नाही. शिवणक्लास चालवणारी आमची मैत्रीण किमोनोची वर्णनं दोनदा वाचून आली होती. तिनं शोधूनही काढलं होतं की किमोनो एका अरुंद, लांबलचक ताग्यातून सरळ पट्ट्या कापून शिवतात, गोलाई कुठंच नाही, आणि धुवायच्या वेळी उसवून, पट्ट्या धुऊन, पुन्हा शिवतात. "आपण अंगाच्या मापानं कापड कापतो," ती म्हणाली, "त्यांच्याकडे कापड तसंच ठेवून अंग त्यात बसवायचं." ती हे कौतुकानं म्हणाली, पण बोलून झाल्यावर जरा थबकली. बँकेतून निवृत्त झालेलीचं सगळं लक्ष हिशेबाच्या वहीवर. पोरीला विकत घेतल्याची रक्कम तिच्याच नावावर कर्ज, जेवण कर्ज, शाळा कर्ज, हात मोडल्यावर आलेल्या डॉक्टरचे पैसेही कर्ज. तिच्या मते या कादंबरीत प्रेमकथा नाहीच, एका कर्जखात्याची कथा आहे, आणि ते खातं कधी बंद होऊ नये अशीच व्यवस्था आहे. एकीला चेअरमन फार आवडला होता. त्यावर दुसरी उसळली. चाळिशी उलटलेला माणूस ओढ्याकाठी रडणाऱ्या बारा वर्षांच्या पोरीला रुमाल देतो, बर्फाचा गोळा घ्यायला नाणं देतो, तिला घडवण्याची सोय मागच्या मागे करतो आणि पुढे स्वतःच तिचा आश्रयदाता होतो. "माझ्या नातीला असा कुणी रुमाल दिला तर मी पोलिसांत जाईन." पहिल्या वाचनात तो रुमाल मलाही फार हळवा वाटला होता. तेव्हा मी तिशीत होते, आणि आयुष्यात कुणी आपल्याला गर्दीतून वेगळं पाहावं याची भूक होती. या खेपेला माझा आवाज अडला तो नोबुपाशी. एक हात गेलेला, चेहरा भाजलेला, उर्मट, सरळ माणूस. सायुरी त्याच्या मनातून उतरायचा बेत आखते आणि तो बेत उलटतो. ते प्रकरण वाचून झाल्यावर मी पाणी प्यायला उठले होते.

पण मला बोलायचं आहे ते शब्दांबद्दल.

तोंडी भाषांतर करताना विचाराला वेळ नसतो, जवळ असेल तो शब्द येतो. ओकियाच्या 'मदर'ला मी 'मालकीणबाई' म्हणत होते. 'दान्ना', म्हणजे गेशाचा खर्च उचलणारा कायमचा आश्रयदाता, त्याला मी 'मालक' म्हणू लागले. नंतर कळलं की 'दान्ना' हा आपलाच शब्द आहे, संस्कृत 'दान'. बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे जपानला गेला. आधी विहाराला दान देणारा, मग आश्रयदाता, मग दुकानाचा धनी, आणि आजही साध्या बोलण्यात नवऱ्याला दान्ना म्हणतात. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्या कन्यादानातलंच."

आणि मग मिझुआगेचं प्रकरण आलं. कादंबरीत सायुरीच्या पहिल्या रात्रीसाठी बोली लागते, दोन पुरुषांची चढाओढ होते, एक डॉक्टर ती विक्रमी रकमेला जिंकतो. मी वाचता वाचता थांबले. या गोष्टीला मराठीत शब्द आहे, आणि तो मला येतो. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' आलं १९९४ मध्ये, त्यात तो वाचल्यापासून तो विसरलेली नाही. पण तो तोंडातून निघेना. मी म्हणाले, "मग तो... विधी ठरतो." काकूंनी विचारलं, "कसला विधी?" मी म्हणाले, "पहिल्यांदा पुरुषाकडे पाठवायचा." काकू शांतपणे म्हणाल्या, "चिरा उतरवायचा म्हण ना. मला काय लाजतेस! पुढं वाच."

मी लाजले नव्हते. तो शब्द उच्चारला असता तर गिओन एकदम नारायणगावाला लागून आलं असतं, आणि मला ते नको होतं. मला कागदी कंदील, पाण्यावर पडलेल्या चेरीच्या पाकळ्या, रेशमाची सळसळ हवी होती. दुःखही हवंच होतं, पण त्या रेशमात गुंडाळलेलं आणि समुद्रापलीकडचं.

नारायणगाव माझ्या आजोळाजवळ. पाडव्याच्या सुमारास तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेसाठी सुपारी द्यायला येतात. मी सहावीत होते. त्या वर्षी यात्रेच्या पंचांत माझा मामा होता आणि त्याच्या मागे लागून मीही गेले. राहुटीत उकडत होतं, तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. मामा आणि फडाचे मॅनेजर पैशांचं बोलत होते. आतल्या कनातीपाशी एक बाई एका मुलीचे केस विंचरत होती. मुलगी माझ्याएवढी. मांडीवर सहावीची बालभारती, खाकी कागदाचं कव्हर घातलेली, माझ्या पुस्तकासारखीच. केस ओढले जात असल्यानं तिची मान वाकडी होती, तशाच वाकड्या मानेनं तिनं मला विचारलं, "तुमच्या शाळेत कितवा धडा चालू आहे?" मी तिला सांगितलं. तिनं पानं उलटून तो धडा काढला, किती मागे राहिलो ते बोटानं मोजलं. तेवढ्यात मामानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर त्यानं बजावलं, आईला सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. कुणालाच नाही, इतकी वर्षं. त्या मुलीचं नाव मी विचारलं नव्हतं. चियो ओकियाच्या अंगणात उभी राहून शाळेत जाणाऱ्या मुलींकडे पाहते तो मजकूर वाचताना पंचवीस वर्षांपूर्वी मी घळाघळा रडले होते, आणि तेव्हा ती वाकडी मान मला आठवलीसुद्धा नव्हती.

काकूंना तमाशातल्या बायका माहीत होत्या त्या केसपेपरवरून. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट आमच्याकडे सगळेच सांगतात, फड चालू असताना कनातीमागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. सांगणाऱ्याचा ऊर भरून येतो, माझाही येतो. काकू एकदा म्हणाल्या, "नाळ कशानं तोडली ते सगळे सांगतात. वार नीट पडली का, मागनं ताप आला का, ते कुणी सांगत नाही. माझ्याकडे यायच्या त्या त्याच्यासाठी यायच्या." पण त्या गोष्टीचा एक शेवटही सांगतात, जो काकूंना आवडतो. समोरच्या प्रेक्षकांना कळलं की मघाशी भरलेलं पोट आता सपाट आहे, आणि त्यांनीच हात जोडून सांगितलं, बाई, आता थांबा.

भिशीनंतर दोन आठवडे मी काकूंकडे गेले नाही. मग गेले, आणि सरळ सांगितलं की मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "ते कळलं मला. तुझा आवाज त्या प्रस्तावनेला जरा जास्तच मोठा होता." मग म्हणाल्या, "पण त्यानं कुणाला तरी विचारूनच लिहिलं असेल ना? इतकं बारीक सांगायचं तर आत राहिलेली बाई हवी." आणि ते खरंच होतं. मी त्यांना मिनेको इवासाकीबद्दल सांगितलं.

मिनेको गिओन कोबू या मोहल्ल्यातली. क्योतोत गेशाला गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलीला माइको. १९६० आणि ७० च्या दशकांत ती तिथली सगळ्यात नावाजलेली होती आणि ऐन भरात, तिशीच्या आत, तिनं सगळं सोडून दिलं. गोल्डन यांनी १९९२ मध्ये तिच्याशी दीर्घ मुलाखती केल्या. तिचं म्हणणं असं की माझं नाव कुठं येणार नाही असं ठरलं होतं. पुस्तक आलं आणि ऋणनिर्देशात तिचं नाव होतं, अगदी कृतज्ञतेनं. गिओनमध्ये जे आतलं ते आतच राहतं, तोच तिथल्या धंद्याचा पाया. वाचकांनी सायुरी म्हणजे मिनेको असा अर्थ लावला, बोली लागलेली रात्रही तिचीच धरली, आणि तिला धमक्या आल्या. २००१ मध्ये तिनं कराराचा भंग आणि बदनामी म्हणून दावा लावला. गोल्डन यांचं म्हणणं वेगळं होतं. २००३ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दरम्यान २००२ मध्ये तिनं स्वतःचं आत्मचरित्र इंग्रजीत आणलं. त्यात ती ठासून सांगते की मला कुणी विकलं नाही, माझा देह कुणी विकत घेतला नाही, मिझुआगे म्हणजे आमच्याकडे माइकोच्या केशरचनेतला बदल, वयात आल्याचा सोहळा.

ते पुस्तक मी त्या हिवाळ्यात काकूंना वाचून दाखवलं, आणि आम्हा दोघींनाही ते जड गेलं. ही बाई ताठ आहे. स्वतःच्या नाचाबद्दल, विद्येबद्दल, कमाईबद्दल ती संकोच न करता बोलते. आपल्याला वाईट वाटावं अशी जागाच ठेवत नाही, आणि तरुण वयात मला हे पुस्तक मिळालं असतं तर मी ते चाळून ठेवून दिलं असतं, हे मला कबूल केलं पाहिजे. एक प्रसंग मात्र काकूंनी दोनदा वाचायला लावला. इंग्लंडचे युवराज चार्ल्स जपानला आलेले असताना त्यांनी तिच्या हातातला पंखा घेतला आणि न विचारता त्यावर सही करून दिली, तिला आनंद होईल या कल्पनेनं. ती संतापली, आणि तो पंखा तिनं टाकून द्यायला लावला. "बरं केलं," काकू म्हणाल्या. "पंखा तिचा होता."

पण काकू मिनेकोलाही सोडत नाहीत. ती सांगते की पाच वर्षांची असताना मी आपल्या मर्जीनं इवासाकी ओकियात राहायला गेले, पुढे मला दत्तक घेऊन वारस केलं. मी वाचत होते आणि काकूंनी हात वर केला. "पाच वर्षांच्या पोरीची मर्जी?" मला उत्तर देता येईना. मी म्हणाले की काळही वेगळा. मिनेकोचा जन्म १९४९ चा. वेश्याव्यवसायाविरुद्धचा कायदा जपानच्या संसदेत १९५६ ला झाला, ती माइको म्हणून पहिल्यांदा बाहेर पडली १९६५ ला. सायुरीची कथा महायुद्धाच्या आधीची, तेव्हाचं गिओन वेगळं असणार. दोघींपैकी एकीला खोटं पाडायची गरज नाही. काकू म्हणाल्या, "मी कुठं खोटं पाडतेय? तिची आई त्या रात्री जेवली असेल का, एवढंच मनात आलं."

त्यानंतर मी तिसरं पुस्तक आणलं. खरं तर मला काकूंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, की जिच्यासाठी रडायचं ती ही घ्या. सायो मासुदा, १९२५ चा जन्म, नागानो प्रांतातली. अगदी लहानपणी दुसऱ्याच्या घरी मुलं सांभाळायला ठेवलेली, बाराव्या वर्षी गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, सुवाला, गेशांच्या घराला विकलेली. गिओनसारखा दिमाख तिथं नाही. ती शाळेत गेली नाही. लिपी मोठेपणी शिकली तीही साधी, कांजी ही चिनी वळणाची चिन्हं न वापरता येणारी, आणि त्या तुटपुंज्या अक्षरांत तिनं आपलं आयुष्य लिहून काढलं. १९५७ मध्ये ते जपानीत छापलं गेलं, इंग्रजीत यायला २००३ उजाडलं. लहानपणी तिला 'क्रौंच' म्हणत, कारण थंडीत पाय गारठायचे म्हणून ती एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या मांडीला लावायची, मग तो खाली ठेवून दुसरा उचलायची. हे वाक्य मी वाचलं तेव्हा काकू शालीखाली पाय ओढून घेऊन बसल्या. पुढे युद्ध, उपासमार, साबण विकणं, धाकटा भाऊ. भाऊ आजारी पडतो, आणि बहिणीवर भार नको म्हणून जीव देतो. मी काकूंकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते.

"ही खरी ना?" त्यांनी विचारलं.

"हो. अगदी खरी."

"मग रडू का येत नाही?" आणि थोड्या वेळानं, माझ्याशी नव्हे, जणू तपासून पाहत असल्यासारखं, "ही रडायला थांबू देत नाही. पुढचं काम सांगते."

एप्रिल २०२४ मध्ये मी क्योतोला गेले. भाचा ओसाकाला नोकरीला आहे, त्यानं मियाको ओदोरीचं तिकीट काढून ठेवलं होतं. राजधानी तोक्योला गेल्यावर ओस पडत चाललेल्या क्योतोला सावरायला १८७२ मध्ये हा वसंतातला नाच सुरू झाला, गिओन कोबूच्या गेइको आणि माइको तो करतात. पडद्यामागून एक उंच आवाज येतो, "मियाको ओदोरी वाऽऽ", आणि दोन्ही बाजूंच्या लाकडी वाटांवरून निळ्या किमोनोतल्या बायका "योई यासाऽ" म्हणत आत येतात. माझ्या अंगावर काटा आला. मी खूप खूश होते, हे लपवायचं कारण नाही. तीन तारांच्या शामिसेन वाद्याचा तो तुटक सूर, एकाच वेळी फिरणारे पंखे, एकही चेहरा हसत नाही आणि एकही रडत नाही. मिनेको ज्यासाठी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबली ते हे, असं सारखं मनात येत होतं. आणि मला लाज वाटली की इतकी वर्षं ही कला माझ्या लेखी त्या दुःखाची नुसती चौकट होती. गेई म्हणजे कला, शा म्हणजे माणूस. पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, आणि मी ते वाचून पुढे जाते.

बाहेर आलो तेव्हा संध्याकाळ होत होती. गिओनच्या हानामीकोजी रस्त्यावर माणसांचा पूर होता, सगळे हळू चालत होते, कुणीतरी दिसण्याची वाट पाहत. बाजूच्या गल्ल्यांच्या तोंडाशी फलक होते, खाजगी वाट, फोटो काढल्यास १०,००० येन दंड. हे फलक २०१९ पासूनचे. तिथल्या रहिवाशांनी कंटाळून लावलेले, कारण लोक माइकोंचा पाठलाग करतात, बाही ओढतात. भाचा मला हे समजावून सांगत असतानाच गर्दीत सळसळ झाली. टपटप असा लाकडाचा आवाज आला, उंच खडावांचा. एक माइको झपझप येत होती, नजर खाली. माझा हात पर्समध्ये गेला. मी फोन काढला, तिच्यावर धरला, बटण दाबलं. रस्ता सार्वजनिक होता, दंड नव्हता. इतकी पुस्तकं वाचून झाल्यावरही माझ्या हातानं हेच केलं. ती एका बोळात वळली आणि लाकडी दार सरकल्याचा आवाज आला.

रात्री ओसाकाला जाणाऱ्या गाडीत मी फोटो उघडला. पाठमोरी मुलगी. मानेवर पांढऱ्या रंगात सोडलेल्या उघड्या कातडीच्या दोन जिभा, मागे पोटऱ्यांपर्यंत लोंबणारा ओबी, म्हणजे किमोनोचा कमरपट्टा. त्या ओबीच्या टोकाला ओकियाचं चिन्ह विणलेलं असतं. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला, ते चिन्ह वाचता येतंय का पाहायला. मग लक्षात आलं आपण काय करतोय, आणि फोन पालथा मांडीवर ठेवला. मुलगी सतरा-अठराची असेल. फोटोत तिच्याभोवती सात जणांचे हात होते, प्रत्येक हातात फोन.

परत आल्यावर काकूंना सगळं सांगितलं. नाचाचं ऐकून त्या प्रसन्न झाल्या, तो आवाज मला तीनदा काढून दाखवावा लागला. फोटोचंही सांगितलं. "चेहरा आलाय का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग ठेव." मी तो ठेवलेला नाही, पण तसं त्यांना बोलले नाही. बाहेर वळवाचा पाऊस येऊ पाहत होता, खिडकीतून मातीचा वास येत होता. काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांना नारायणगावच्या राहुटीतलं सांगू लागले. मामा, तंबाखूचा वास, कनात, खाकी कव्हर, वाकडी मान. काकू एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. माझं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"कितवा धडा सांगितलास तिला?"

मी आठवून पाहिलं. पुस्तकाचं कव्हर आठवलं, तिचं बोट आठवलं, नखाला लागलेला लाल रंग आठवला. धडा आठवेना. आमच्या बाईंनी तेव्हा काय शिकवत आणलं होतं, कविता की धडा, काहीच. मी तसं सांगितलं.

काकूंनी मान हलवली. पहिले थेंब खिडकीच्या पत्र्यावर वाजू लागले होते. त्यांनी हात पुढे करून टीपॉय चाचपलं, चारपाच पुस्तकांतून जाड पुस्तक जाडीवरून ओळखलं आणि माझ्या दिशेनं धरलं.

"त्या दोघी बहिणींचं वाच परत. स्टेशनपासून. प्रोफेसरचं राहू दे."